विकलं की पिकतं: शिकागो व्हाइट सॉक्सच्या जनरल मॅनेजरना खुलं पत्र

मा. क्रिस गेट्झ यांस,
जनरल मॅनेजर, शिकागो व्हाइट सॉक्स

२८ जुलै २०२५

स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे आणि तुम्हाला ते वाचता येणार नाही, हे मला कळतं. पण गेली वीस वर्षं तुमच्या बेसबॉल संघाच्या नावानं मी ज्या भाषेत बोटं मोडतोय, त्याच भाषेत मला मनातलं नीट मांडता येतं. त्याला इलाज नाही. शिवाय शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत मराठी घरं काही कमी नाहीत, आणि त्यातल्या थोड्या घरांत तरी व्हाइट सॉक्सची काळी टोपी खुंटीला लटकलेली असते. उरलेले कब्जचे, म्हणजे शिकागोच्याच दुसऱ्या संघाचे. त्यांच्याविषयी आज काही बोलायचं नाही असं मी बायकोला कबूल केलंय.

गुरुवारी, ३१ जुलैला, संध्याकाळी पाच वाजता खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. आमच्या देशी मित्रांना हा प्रकार समजावून सांगताना माझी दरवर्षी दमछाक होते. आयपीएलचा लिलाव त्यांना कळतो. पण भर मोसमात, सकाळी शिकागोत उठलेला माणूस रात्री सॅन दिएगोत दुसऱ्याची टोपी घालून बसलेला असतो आणि बहुतेकांना ‘जाणार का?’ असं कुणी विचारतही नाही, हे त्यांच्या पचनी पडत नाही. तुम्हाला मात्र समजावायला नको. २००५ साली, म्हणजे आपण जगज्जेते झालो त्याच वर्षी, याच संघानं ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, तुम्हाला घेतलं. सेकंड बेसवर तुमची जागा बसतेय न बसतेय तोवर नोव्हेंबर २००९ मध्ये तुम्हाला आणि जॉश फील्ड्सला कॅन्सस सिटीला पाठवून मार्क टीहनला आणलं. बाजारात मांडलं जाणं म्हणजे काय, हे तुम्ही स्वतः भोगलेलं आहे. म्हणून तर हे पत्र मालकांना न लिहिता तुम्हाला लिहितोय.

माझी आई सांगलीची. दुपारच्या वेळी बोहारीण डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन आळीत शिरली की आई आधी तिला पाणी द्यायची, मग जुन्या साड्यांचं गाठोडं काढायची. सौदा दीड-दीड तास चालायचा. आईचा एक नियम होता: जे पातेलं हवं आहे, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. तिसरंच भांडं हातात घेऊन त्याचा पत्रा पातळ आहे म्हणत बसायचं. आणि दुसरा नियम असा, की जरीची साडी गाठोड्यात ठेवायचीच नाही. ती कपाटात. बोहारणीला ती आहे एवढं ठाऊक असलं तरी पुरे.

तुमचं गाठोडं गेली दोन वर्षं दारात उघडं पडलं आहे, साहेब. आणि जरीची साडी सगळ्यात वर.

तुम्ही ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस या खुर्चीत बसलात तेव्हा घर पडायला लागलेलंच होतं, हे मी मान्य करतो. २०२१ मध्ये ९३ विजय. मग ८१. मग ६१. आणि २०२४ मध्ये ४१. इतकी सरळ उतरण जिन्यालासुद्धा नसते. १२१ पराभव! १९०० नंतरच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, एका मोसमात इतके सामने कुणीही हरलेलं नाही. १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० चा आकडा आपण २७ सप्टेंबरच्या रात्री डेट्रॉइटमध्ये ओलांडला. त्याच रात्री डेट्रॉइटनं प्लेऑफमधली, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीतली, जागा पक्की केली. एकाच मैदानावर दोन्ही गोष्टी. टीव्ही बंद करायला हवा होता, मी केला नाही. जुलै-ऑगस्टमध्ये लागोपाठ २१ सामने हरलो, तेव्हा मुलगा दर रात्री फ्रिजवरच्या कागदावर एक काडी ओढायचा. एकविसाव्या काडीनंतर तो म्हणाला, बाबा, कागद बदलू का?

पण ही सगळी शिळी रड झाली. मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर.

‘पिकतं तिथं विकत नाही’ अशी आमच्याकडे म्हण आहे. कोकणातल्या माणसाला आंब्याचं कौतुक नसतं, त्या अर्थानं. व्हाइट सॉक्सच्या बाबतीत ती उलटी झाली आहे. आपल्याकडे विकलं की पिकतं. खेळाडू आपल्याकडे असतो तोवर कच्चा, आंबट, चीक गळणारा. दुसऱ्याच्या घरी गेला की महिन्याभरात त्याला रंग चढतो, घमघमाट सुटतो.

ताजंच उदाहरण घ्या. अँड्र्यू वॉन. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये साऱ्या देशातून तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला पोरगा. हाडाचा फर्स्ट बेसमन आणि बॅटिंगचं वेड. खालच्या लीगमध्ये जेमतेम ५५ सामने खेळला, मग कोविडनं २०२० चा तिथला अख्खा मोसम बुडाला, आणि २०२१ मध्ये एलॉय हिमेनेझ जखमी झाला म्हणून त्याला थेट मेजर लीगच्या लेफ्ट फील्डमध्ये उभा केला. डबल-ए नाही, ट्रिपल-ए नाही, मधल्या पायऱ्याच गाळल्या. कैरी झाडावरून उतरवली की ती गवताच्या आढीत घालावी लागते, रोज उघडून बघत बसायचं नसतं. आपण ती तशीच कापून ताटात वाढली आणि आंबट निघाली म्हणून चार वर्षं तोंड वाकडं केलं. यंदा मे महिन्यात .१८९ वर, म्हणजे हजार प्रयत्नांत १८९ वेळा चेंडू नीट लागतोय अशा अवस्थेत, त्याला खाली पाठवला. जूनमध्ये मिलवॉकीला देऊन टाकला, बदल्यात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एरन सिवाले. ७ जुलैला मिलवॉकीकडून पहिल्यांदा बॅट हातात घेतली तेव्हा समोर लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर यामामोतो होता. पहिल्याच खेपेला वॉननं तीन धावांचा होम रन ठोकला, चेंडू थेट मैदानाबाहेर. तेव्हापासून तो थांबलेला नाही. मिलवॉकी माझ्या घरापासून गाडीनं दोन तासांच्या आत आहे. दोन तासांच्या अंतरावर माणूस इतका बदलतो?

हा एकटा असता तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. मार्कस सेमियन आपला होता. डिसेंबर २०१४ मध्ये त्याला आणि ख्रिस बॅसिटला ओकलंडला दिलं, जेफ समार्जाच्या एका मोसमासाठी. सेमियननं २०२३ मध्ये टेक्सासबरोबर वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, जिंकली. आणि जून २०१६ चा तो सौदा? तिशी उलटलेल्या जेम्स शील्ड्ससाठी आपण सॅन दिएगोला एक सतरा वर्षांचा मुलगा दिला, ज्यानं व्यावसायिक सामना एकही खेळलेला नव्हता. फर्नांडो तातीस ज्युनियर. पुढं सॅन दिएगोनं त्याच्याशी १४ वर्षांचा, ३४ कोटी डॉलरचा करार केला. ते नाव आमच्या घरात जेवताना काढायचं नाही असा ठराव आहे.

हे दोन्ही सौदे तुमच्या आधीचे. मान्य. पण वॉनच्या बाबतीत तुम्हाला हात झटकता येणार नाहीत. २०१६ च्या शेवटापासून खेळाडू घडवण्याचं खातं तुमच्याकडे होतं. शार्लट, बर्मिंगहॅम, विन्स्टन-सेलम, कॅनापोलिस, खालच्या लीगमधली ही सगळी रोपवाटिका तुमच्या देखरेखीखाली. आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात घरात कधी नव्हे इतकं उत्तम बियाणं आलं होतं. डिसेंबर २०१६ मध्ये दोन दिवसांत दोन मोठे सौदे झाले. ख्रिस सेल बॉस्टनला गेला, बदल्यात योआन मोंकाडा आणि मायकल कोपेक आले. अॅडम ईटन वॉशिंग्टनला गेला, बदल्यात लुकास जिओलिटो, रेनाल्डो लोपेझ, डेन डनिंग. पुढच्या जुलैत होसे किंतानाला चक्क कब्जला देऊन एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीझ घेतले. मोंकाडा तर तेव्हा खालच्या लीगमधला अव्वल खेळाडू मानला जायचा. सगळे पंडित म्हणाले, याला म्हणतात पुनर्बांधणी. मीही म्हणालो. ऑफिसातल्या कब्जवाल्याशी जेवणाची पैज लावली होती.

त्या सगळ्या वैभवातून मिळालं काय? २०२० आणि २०२१, लागोपाठ दोन वर्षं प्लेऑफ. पहिल्या वर्षी ओकलंडनं घरी पाठवलं, दुसऱ्या वर्षी ह्यूस्टननं. २००५ नंतर आपण प्लेऑफमधली एकही मालिका जिंकलेली नाही. दिलेल्यांचं पाहा: सेलनं २०१८ मध्ये बॉस्टनसाठी वर्ल्ड सिरीजचा शेवटचा बळी घेतला आणि गेल्या वर्षी पस्तिशीत अटलांटाकडून सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कारही. ईटन २०१९ मध्ये वॉशिंग्टनबरोबर जगज्जेता. सीझला तुम्ही मार्च २०२४ मध्ये सॅन दिएगोला दिलंत आणि चार महिन्यांनी, २५ जुलैला, त्यानं प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न देता सामना काढला. त्या दिवशी आपण सलग पराभवांच्या माळेत कुठंतरी मधोमध होतो. सीझच्या बदल्यात आलेल्यांत ज्याच्यावर सगळी भिस्त होती, त्या ड्रू थॉर्पच्या कोपरावर यंदा शस्त्रक्रिया झाली आणि त्याचं वर्ष गेलं. त्यात तुमचा दोष नाही. पिचरचं कोपर म्हणजे अवकाळी पाऊस.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, की आपलं घर सौद्यात फारसं हरलेलं नाही. कागदावर बरेचसे सौदे चोख होते. घर हरलं ते सौद्यानंतर. बियाणं आणलं, पेरलं, फोटो काढले, आणि पाणी कोण घालणार हे ठरवायचं राहून गेलं. म्हणून दर जुलैत ‘कोणाला विकणार, काय मिळणार’ अशा याद्या वाचल्या की माझ्या पोटात गोळा येतो. मिळेल हो. चांगलंच मिळेल. पुढं काय?

आता न्यायाचं बोलायचं तर तुमच्या काळात काही फरक दिसतोय, तोही सांगतो. गॅरेट क्रोशेला डिसेंबरमध्ये बॉस्टनला दिलंत तेव्हा मी संतापलो होतो. डावखुरा पिचर, १४६ इनिंगमध्ये २०९ बळी, वय पंचवीस. असा माणूस कुणी सोडतं का? बॉस्टननं त्याला लगेच सहा वर्षांसाठी १७ कोटी डॉलर देऊ केले. आपल्या मालकांनी आजवर कुणालाही दहा कोटींचा करार दिलेला नाही, त्यामुळे तो राहणार नव्हताच हे उघड होतं. पण बदल्यात काइल टील आला, चेस माइड्रॉथ आला, ब्रेडन मॉन्टगोमेरी आणि विकलमन गोन्झालेझ आले. माइड्रॉथ एप्रिलपासून खेळतोय आणि चेंडू हवेत फिरवून बाद होण्याची त्याला जणू अॅलर्जी आहे. टील कॅचरच्या, म्हणजे पिचरचा चेंडू झेलणाऱ्याच्या, जागेवर उभा राहिला की मैदान शांत झाल्यासारखं वाटतं. आणि शेन स्मिथ! रूल फाइव्हच्या निवडीत, म्हणजे दुसऱ्या संघांनी चाळीस जणांच्या यादीत न ठेवलेल्या पोरांतून, एक लाख डॉलरला उचललेला पिचर यंदा आपला ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंत जाऊन बसला. एक लाख डॉलर म्हणजे या धंद्यात भाजीवाल्याकडची फुकटची कोथिंबीर. बॅटिंगच्या शिकवणीसाठी बॉल्टिमोरहून रायन फुलरला आणलंत, पिचिंगकडे ब्रायन बॅनिस्टर बघतोय. म्हणजे पाणी घालायला माणसं आली आहेत. कोल्सन मॉन्टगोमेरी चार जुलैला वर आला आणि गेल्या आठवड्यात त्याचे होम रन सुरू झाले. ऑल-स्टारच्या सुटीनंतर आपण पिट्सबर्गला जाऊन तिन्ही सामने जिंकलो. सुटीपर्यंत ३२ विजय, ६५ पराभव होते हे मी विसरलो नाही. पण तीन सामने म्हणजे तीन सामने. मुलानं फ्रिजवर नवा कागद लावलाय.

आणि गेलेला प्रत्येक जण पिकतोच असंही नाही. गेल्या जुलैत एरिक फेडी आणि टॉमी फॅम सेंट लुईसला गेले, कोपेक डॉजर्सकडे. फेडीला सेंट लुईसनं गेल्याच आठवड्यात संघाबाहेर काढलं. मात्र त्याच तिहेरी सौद्यात सेंट लुईसहून डॉजर्सकडे गेलेला टॉमी एडमन ऑक्टोबरमध्ये नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा मानकरी ठरला, कोपेक जगज्जेत्यांच्या मिरवणुकीत बसला, आणि आपल्या वाट्याला आलेल्या मिगेल व्हार्गासनं राहिलेल्या मोसमात .१०४ ची सरासरी काढली. तेव्हा तुम्हाला किती शिव्या पडल्या! पण तुम्ही त्याला टाकला नाहीत. यंदा तो रोज खेळतोय, बॅट लागतेय, होम रन येताहेत. खरं सांगायचं तर तुमच्या दोन वर्षांतलं मला सगळ्यात आवडलेलं काम कुठल्याही सौद्याचं नाही. .१०४ वाल्या पोराला पुन्हा उभं केलंत, ते आहे.

आता लुईस रॉबर्ट ज्युनियर. जरीची साडी.

सगळं गाव त्याच्या मागं आहे. न्यूयॉर्क, सॅन दिएगो अशी नावं रोज कानावर येतात. क्यूबाहून आलेला हा पोरगा, २०१७ मध्ये २ कोटी ६० लाख डॉलर बोनस देऊन आपण घेतला. पहिला मेजर लीग सामना खेळायच्या आधीच सहा वर्षांचा ५ कोटींचा करार. २०२० मध्ये क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार. २०२३ मध्ये ३८ होम रन आणि २० बेस चोरल्या. सेंटर फील्डमध्ये तो चेंडूमागे धावतो तेव्हा मला लहानपणी आमच्या वाड्याच्या माळवदावरून पतंगामागे पळणारी पोरं आठवतात. पाय जमिनीला लागताहेत की नाही कळत नाही. आणि मग तो जखमी होतो. दरवर्षी. कंबर, मांडी, पोटरी. गेल्या वर्षी जेमतेम शंभर सामने. यंदा पहिल्या अर्ध्या मोसमात सरासरी .२०० च्या खाली. म्हणजे भाव पडलेला आहे. आणि नेमका आत्ता, सुटीनंतरच्या या दहा दिवसांत, तो पुन्हा बरा दिसायला लागलाय.

अशा वेळी विकायचं? बोहारणीला साडीचा विरलेला पदर दिसलाय, ती त्याच भावानं बोलणार. तुमच्या हातात काय आहे ते बघा. पुढच्या वर्षीसाठी २ कोटी डॉलरला त्याला ठेवून घेण्याचा पर्याय क्लबकडे आहे, त्याच्या पुढच्या वर्षीसाठीही तेवढाच. नको असेल तर २० लाख देऊन मोकळे. गुरुवारी पाच वाजता आभाळ कोसळणार नाही. नोव्हेंबरात विकता येईल, पुढच्या जुलैत विकता येईल, किंवा, देवाची शपथ, न विकता खेळवताही येईल. मालक म्हणतील एका जखमी माणसावर २ कोटी कशाला. त्यांना सांगा, अँड्र्यू बेनिंटेंडीला साडेसात कोटी दिलेत, जो आपल्या क्लबच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार आहे, आणि त्यावर मी इथं एक शब्द बोललेलो नाही.

दुसऱ्या बाजूचं मला कळत नाही असं नाही. आज ठेवला आणि सप्टेंबरात त्याची मांडी पुन्हा भरली, तर नोव्हेंबरात आजच्याहून निम्मं मिळेल. लोक मग तुम्हालाच झोडपतील, कदाचित मीही. पण रॉबर्टच्या बाबतीत आपला एक प्रश्न अजून सुटलेला नाही: २०२३ चा तो माणूस गेला कुठं? तो प्रश्न सोडवायला फुलरला आणलं असेल, तर उत्तर यायच्या आत वही दुसऱ्याला का देताय? उद्या कुणी दुसऱ्या शहरात त्याच्या हातात बॅट थोडी वेगळी धरायला लावली आणि ऑक्टोबरात तो टीव्हीवर होम रन मारताना दिसला, तर वॉनच्या वेळी हसलो तसं मला हसता येणार नाही.

एड्रियन हाऊसरला विका. आजच विका. टेक्सासनं मे महिन्यात मोकळा केलेला पिचर, आपल्याकडे येऊन नऊ इनिंगमागे दोनच्या आसपास धावा देतोय, मोसमानंतर करारातून सुटणार. हा खरा बोहारणीचा माल. जुन्या चादरीच्या बदल्यात जे भांडं मिळेल ते सोन्याचं. टील आणि एड्गर केरो या दोन कॅचरांपैकी एकाला काढायचा विचार मनात येत असेल, तर तो मात्र झटका. दोघांनी मिळून अजून एक मोसमही काढलेला नाही.

आणि कृपा करून ‘हरलो तर ड्राफ्टमध्ये वरचा क्रमांक मिळेल’ हे गाजर पुन्हा दाखवू नका. १२१ पराभवांनंतर आपल्याला यंदा निवड मिळाली ती दहावी. मोठ्या बाजारपेठेतल्या संघाला लागोपाठ दोन वर्षं निवडीचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीतला वरचा क्रमांक मिळत नाही, असा नियम आहे. शतकातला सगळ्यात वाईट मोसम भोगला आणि दहावा नंबर! सांगलीत याला ‘तेलही गेलं, तूपही गेलं’ म्हणतात. पुढचे तीन शब्द हाती आलेल्या वस्तूविषयी आहेत, ते तुम्ही कुणाही मराठी माणसाला विचारा.

क्लबच्या मालकीचं मी समजू शकतो. १९८१ पासून श्री. रायन्सडॉर्फ आहेत, जूनमध्ये गुंतवणूकदार जस्टिन इश्बियांशी क्लब पुढं त्यांच्याकडे देण्याचा करार झालाय, पण रायन्सडॉर्फना २०२९ पासून विकता येईल आणि इश्बियांना हक्कानं विकत घेता येईल ते २०३४ नंतर. तोवर माझा मुलगा कॉलेजातून बाहेर पडून नोकरीला लागलेला असेल. म्हणजे मधली सगळी वर्षं तुमच्यावर किंवा तुमच्यासारख्याच कुणावर आहेत. पैसा मर्यादित, हे धरून चालतो. एक मागतो, ज्याला पैसा लागत नाही. गुरुवारी जे काही कराल, त्यानंतर पत्रकार परिषदेत आलेल्या पोरांच्या बॅटचा वेग आणि चेंडूची गती सांगू नका. त्या पोराला कोणत्या गावी ठेवणार, किती महिने, कोण शिकवणार, आणि वर आणायची घाई करणार नाही हे कबूल कराल का, तेवढं सांगा. वॉनच्या वेळी हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. मी तर त्याला एप्रिलमध्येच वर आणा म्हणून ओरडत होतो.

११ जुलैला आपला जुना पिचर मार्क बर्ली याच्या पुतळ्याचं अनावरण झालं, २००५ चा संघ वीस वर्षांनी एकत्र आला. आम्ही वरच्या पाचशेच्या रांगांत बसलो होतो. त्या वर्षी मी या देशात नवा होतो. एका सहकाऱ्यानं मला ओढत नेलं, आणि बेसबॉल म्हणजे काय हे कळायच्या आधी मी पॉल कोनर्कोचा ग्रँड स्लॅम, म्हणजे एका फटक्यात चार धावा देणारा होम रन, पाहिला. ८८ वर्षांनी जिंकलेली वर्ल्ड सिरीज माझ्या पहिल्याच मोसमात आली. मला वाटलं हे दरवर्षी होत असेल. पोप लिओही आपल्याच संघाचे चाहते आहेत, त्याच वर्ल्ड सिरीजला स्टेडियमवर बसलेले दिसले होते, त्यामुळे प्रार्थनेच्या खात्याकडून तुम्हाला काही कमी पडू नये.

गेल्या उन्हाळ्यात आई इथं आली होती. कपाट आवरताना तिला खालच्या खणात जर्सी सापडल्या. सेल, किंताना, जिओलिटो, सीझ, एलॉय. मुलाला आता होत नाहीत त्या, आणि माझ्याही दोन. ती म्हणाली, एवढे चांगले कपडे, एकाचं नाव दुसऱ्याला नाही, ही माणसं कोण? मी म्हणालो, सगळी गेली. तिनं घडी घालता घालता विचारलं, इकडे बोहारीण येत नाही का रे? या ढिगावर एक मोठं पातेलं आलं असतं.

दारामागच्या खुंटीवर एकच उरली आहे, रॉबर्टची, पाठीवर ८८. मुलानं ऑगस्टमधल्या एका रविवारची तिकिटं काढलीत. गुरुवारी पाच वाजता मी घरी परतणाऱ्या ट्रेनमध्ये असेन आणि आईचा फोन येईल, कारण तिला आता तारीख पाठ झाली आहे. तिला काय सांगू तेवढं पाच वाजायच्या आत ठरवा.

आपला,
वरच्या पाचशेच्या रांगेतला एक प्रेक्षक